नकाशातील रेघ आणि मुलखातील वाट



शालेय इतिहासातील एक नकाशा आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. वरच्या कोपऱ्यात डोंगररांगा, त्यांत एक चिंचोळी फट, तिच्याशेजारी 'खैबर खिंड' ही अक्षरे आणि त्या फटीतून खाली उतरणारे जाड काळे बाण. एकेका बाणावर एकेका स्वाराचे नाव. परीक्षेत बाण बरोबर काढले की पूर्ण गुण मिळतात.

परंतु या बाणांचा परिणाम उत्तरपत्रिकेपुरता राहत नाही. वर्गात कोणीतरी सहज बोलून जाते, "तुमचे लोक इथून आले." आपले मूल गप्प बसते. घरी येऊन विचारते, तेव्हा आईवडिलांनाही काय सांगावे ते सुचत नाही. या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर चिडून उपयोग नाही. त्यासाठी त्या मुलखाचा इतिहास ठाऊक हवा आणि नकाशा वाचता यावयास हवा. आजच्या लेखात आपण वायव्य सरहद्दीची ओळख तिच्या निरनिराळ्या काळांतील नकाशांवरून करून घेऊ.

रेघ नव्हती तेव्हा

पेशावरचे खोरे आणि त्याच्या आसपासचा टापू यास प्राचीन काळी गांधार म्हणत. तक्षशिला हे त्यातील विद्येचे नामांकित केंद्र. इराणचा सम्राट डरायस याने इ. स. पूर्व ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथे जो शिलालेख कोरविला, त्यात गांधार हा त्याच्या राज्याचा एक प्रांत म्हणून नोंदला आहे. संस्कृत व्याकरणाचा महापंडित पाणिनी हा याच टापूतील शलातुर गावचा. ते स्थळ आजच्या पाकिस्तानातील स्वाबी जिल्ह्यात येते.

अशोकाचे शिलालेख आपल्याकडे ब्राह्मी लिपीत आहेत. पेशावर खोऱ्यातील शाहबाझगढी आणि हजारा भागातील मानसेहरा येथील लेख मात्र खरोष्ठीत आहेत. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाई व ती पश्चिमेकडील अरमाईक लिपीवरून घडली, असे विद्वान मानतात. भाषा येथली आणि लिपीचे वळण तिकडचे, असा हा प्रदेश होता. पुढे कुशाण सम्राट कनिष्काने पुरुषपूर येथे राजधानी केली. तेच आजचे पेशावर.

याच वाटेने बौद्ध भिक्षू मध्य आशियात आणि तेथून चीनकडे गेले. बल्ख शहरी 'नौबहार' नावाचे मोठे बौद्ध मंदिर होते. हा शब्द 'नवविहार' यावरून आला आहे. या नौबहारच्या प्रमुखांच्या घराण्यातूनच पुढे बगदादच्या खलिफांचे प्रसिद्ध बर्मकी वजीर निपजले. खालून वर जाणाऱ्या या प्रवाहाचा बाण आपल्या नकाशावर सहसा आढळत नाही.

बाणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अलेक्झांडर स्वतः खैबरमधून उतरलाच नाही. इ. स. पूर्व ३२७ मध्ये त्याने फौजेचा एक भाग हेफेस्टियन व पर्डिकस या सरदारांबरोबर काबूल नदीच्या वाटेने पाठविला आणि आपण कुनार, बाजौर, स्वात या उत्तरेकडील खोऱ्यांतून लढत लढत सिंधूपर्यंत आला. एका फटीतून सर्व काही आले, ही समजूत नकाशा सोपा करण्याच्या ओघात रूढ झाली.

टॉलेमीपासून अल्-बिरुनीपर्यंत

इ. स. च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने जगातील स्थळांचे अक्षांश-रेखांश मांडले. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. व्यापारी आणि खलाशी यांच्या माहितीवर त्याची भिस्त होती. तरीही त्याच्या यादीत स्वात नदी 'सुआस्तोस' या नावाने आहे आणि पुष्कलावती, म्हणजे आजचे चारसद्दा, 'प्रोक्लाइस' या नावाने आहे. मात्र त्याच्या मांडणीत आपले द्वीपकल्प चपटे झाले आहे आणि श्रीलंका प्रत्यक्षाहून कितीतरी पट मोठी झाली आहे. गावांची नावे वाटसरूंच्या तोंडून मिळतात, देशाचा आकार मात्र मोजल्यावाचून कळत नाही, हाच यातील धडा होय.

टॉलेमीचे ज्ञान अरबीत उतरले आणि नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने ते सुधारून पुन्हा मांडले. दहाव्या शतकातील इस्तखरी व इब्न हौकल यांच्या ग्रंथांत सिंधचा स्वतंत्र नकाशा आहे. त्यात नद्या सरळ पट्ट्यांसारख्या, शहरे वर्तुळांसारखी. आजच्या विद्यार्थ्यास हसू येईल. पण कोणत्या शहरानंतर कोणते शहर लागते, हे पाहणाऱ्यास झटकन कळावे, हा त्याचा हेतू होता. बाराव्या शतकात सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारी अल्-इद्रिसीने ११५४ साली जगाचा जो प्रसिद्ध नकाशा पूर्ण केला, त्यात तर दक्षिण दिशा वर आहे. उत्तर वर असावी हा निसर्गाचा नियम नाही, माणसांनी ठरविलेला संकेत आहे.

या सर्वांत आपल्या विषयाशी अधिक जवळचा पुरुष म्हणजे अबू रैहान अल्-बिरुनी. १००१ साली पेशावरजवळ गझनीच्या महमूदाने हिंदू शाही राजा जयपालाचा पराभव केला. त्या बाणावर महमूदाचे नाव असते. त्याच वाटेने आलेल्या बिरुनीचे नाव कोठेच नसते. त्याने पेशावर, वैहिंद, मुलतान, सियालकोट, नंदना अशा ठिकाणांचे अक्षांश स्वतः घेतले. त्याचे पेशावर, वैहिंद व मुलतानचे आकडे आजच्या आकड्यांपासून एका अंशाइतकेही दूर नाहीत.

नंदना हा पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेवरील किल्ला. तेथे बिरुनीने पृथ्वीची त्रिज्या मोजण्याचा प्रयोग केला. प्रथम मैदानातून दोन जागी उभे राहून डोंगरमाथ्याचे कोन घेतले व उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर जाऊन समोरच्या सपाट मैदानाचे क्षितिज नजरेच्या सरळ रेषेखाली किती झुकलेले दिसते ते पाहिले. तो कोन ३४ कला आला. एक उंची आणि एक कोन एवढ्यावरून त्याने त्रिकोणमितीच्या साहाय्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्या काळच्या हाताची लांबी नेमकी किती धरावी याविषयी मतभेद आहेत, पण रीत बिनचूक होती. दहावीच्या विद्यार्थ्याने ही आकृती वहीत काढून पाहावी.

आणि याच बिरुनीने, महमूदाच्या राज्यात राहूनही, त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली असे आपल्या ग्रंथात स्वच्छ नमूद केले. विद्वानाची निष्ठा सत्याशी असते, याचे याहून चांगले उदाहरण मुलांना काय द्यावे?

मोगलांची सरहद्द कोठे होती?

बाबर आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, हिंदुस्थान आणि खुरासान यांच्यामधील खुष्कीच्या मार्गावर काबूल आणि कंदाहार या दोन मोठ्या बाजारपेठा आहेत. त्याच्या नजरेपुढे होती ती वाट, घोड्यांचे तांडे आणि बाजार. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त सुभ्यांची मोजदाद केली, तेव्हा काबूल हा साम्राज्यातील एक सुभा होता. खैबर तेव्हा राज्याच्या आतील एक घाट होता. १५८० नंतरच्या काही वर्षांत अकबराने सिंधूकाठी अटकेचा किल्ला बांधला, तो ही वाट राखण्यासाठी.

हेच ते अटक, जे मराठी भाषेत कायमचे वस्तीला आले. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा तेथवर पोहोचल्या आणि 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. आज आपली मुले तो निबंधात सर्रास वापरतात. अटक नकाशात कोठे आहे, हे एकदा त्यांना विचारून पाहावे.

नकाशे करणारे हात

१७८२ साली जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा छापला. सुभ्यांच्या हद्दींसाठी त्याने 'आईन-इ-अकबरी'चा आधार घेतला आणि पंजाबसाठी एका एतद्देशीयाने काढलेला फार्सी नकाशा वापरला. १८०९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वकील म्हणून पेशावरला गेला. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. काबूल त्याने कधीच पाहिले नाही, तरी १८१५ साली काबूलच्या राज्यावर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातील नकाशासाठी लेफ्टनंट मॅकार्टनीने व्यापारी व प्रवासी यांच्याकडे विचारपूस करून माहिती जमविली होती.

पुढे सर्व्हे खात्याला डोंगरापलीकडची मोजणी हवी होती, पण गोऱ्या अधिकाऱ्यास तेथे जिवाचा धोका होता. तेव्हा कॅप्टन माँटगोमरीने एतद्देशीय माणसांना शिकवून पाठविण्याची योजना काढली. १८६३ साली मुन्शी अब्दुल हमीद लडाखमार्गे यारकंदला गेला. तेथील अक्षांश व उंची त्याने घेतली. परतीच्या वाटेवर त्याचे निधन झाले, टिपणे मात्र पोहोचली. मिर्झा शुजाने १८६८-६९ मध्ये काबूलहून पामीर ओलांडून काशगरपर्यंतची वाट मोजली. अता मुहम्मदने १८७६ साली गिलगिट नदीच्या संगमापासून अटकेच्या मैदानापर्यंत सिंधूचा बिकट भाग मोजून काढला.

ही माणसे वेषांतर करून निघत. कंपास व तापमापक सामानात लपविलेले असत. पाणी किती अंशांवर उकळते यावरून उंची काढीत आणि अंतर मोजीत ते स्वतःच्या पावलांनी. शेकडो मैल, एकेक पाऊल मनात मोजीत! जीव सांभाळण्यासाठी अहवालात त्यांची नावे दडविली जात. मिर्झा शुजा नुसता 'मिर्झा' झाला आणि अता मुहम्मद नुसता 'मुल्ला'. आपल्या समाजाच्या मुलांनी ही नावे पाठ करावीत.

रेघ आली

१२ नोव्हेंबर १८९३ रोजी काबूल येथे अमीर अब्दुर्रहमान आणि सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्यात करार झाला व नकाशावर रेघ ओढली गेली. तिची लांबी सुमारे २,६०० किलोमीटर. पुढील दोन-तीन वर्षांत अधिकारी खुणा बसवावयास निघाले, तेव्हा कागद आणि डोंगर यांचा मेळ बसेना. मोहमंद टोळ्यांच्या मुलखात तर त्या वेळी खुणा बसविताच आल्या नाहीत. पठाणांची कुळे रेघेच्या दोन्ही बाजूंस विभागली गेली. १९०१ साली वायव्य सरहद्द प्रांत निर्माण झाला, १९४७ साली तो पाकिस्तानात गेला आणि २०१० साली त्याचे नाव खैबर पख्तुनख्वा झाले. 'सरहद्द गांधी' खान अब्दुल गफार खान १९८८ साली पेशावरला वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन जलालाबादला झाले. त्यांची अंत्ययात्रा ती रेघ ओलांडून गेली.

नकाशाला चार प्रश्न

मित्रहो, ज्या सरहद्दीला आपण अनादी समजतो, तिची आजची रेघ १८९३ ची आहे. वाट मात्र अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्यावरून फौजा आल्या, हे खरेच आहे, ते लपवू नये. पण व्याकरण, लिपी, धर्म, घोडे, मेवा आणि गणित यांनीही तीच वाट तुडविली आणि दोन्ही दिशांनी तुडविली. शिवाय या देशातील सर्व मुसलमानांचा इतिहास त्या एका फटीत मावत नाही. अरब प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कोकणातील सैमूर, म्हणजे चौल, येथे आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान नांदत असल्याचे त्याने लिहून ठेवले. ते समुद्रमार्गे व्यापारासाठी आलेले लोक आणि त्यांची येथे जन्मलेली संतती. या बंदरांत उतरणारा बाणही आपल्या नकाशांत क्वचितच असतो.

तेव्हा यापुढे कोणताही नकाशा समोर आला की त्याला चार प्रश्न विचारा. तो कोणी काढला? केव्हा काढला? कोणासाठी काढला? आणि त्यात काय गाळले आहे? पालकांनी घरात एक चांगला नकाशासंग्रह जरूर आणावा. त्याची किंमत ईदच्या एका पोशाखाहून जास्त नसते. रोज रात्री जेवणानंतर एक गाव शोधण्याचा नाद मुलांना लावावा. मग वर्गात कोणी म्हणालेच की, "तुमचे लोक इथून आले," तर आपले मूल मान खाली घालणार नाही. फळ्याजवळ जाऊन, खडू हाती घेऊन, राहिलेले बाण ते स्वतः काढून दाखवील.