डिजिटल कॅमेऱ्याचा विकास आणि निवडीचे बदलते निकष : इतिहास-साधनांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात मोडी लिपीतील असंख्य कागद आजही जुन्या घराण्यांच्या व देवस्थानांच्या दफ्तरांत पडून आहेत. ओल, वाळवी आणि हाताळणी यांमुळे ते झपाट्याने जीर्ण होत आहेत. मूळ कागद देण्यास मालक सहसा राजी नसतात. मात्र छायाचित्र घेऊ देतात. त्यामुळे डिजिटल कॅमेरा हे इतिहासाच्या अभ्यासकाचे महत्त्वाचे साधन ठरले आहे. परंतु कॅमेरा खरेदी करताना 'किती मेगापिक्सेल ?' हा एकच प्रश्न प्रामुख्याने विचारला जातो. हा निकष कसा रूढ झाला आणि दस्तऐवजांच्या कामी तो कितपत उपयुक्त आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी :
डिजिटल छायाचित्रणाचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. १९६९ मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' या विद्युत-घटकाची कल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने सीसीडी वापरून पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते. शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९७६ मध्ये त्याच कंपनीतील ब्राइस बायर याच्या रंग-गाळणीला पेटंट मिळाले. एकाच सेन्सरवर रंगीत चित्र मिळविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. १९८१ मध्ये सोनीने दाखविलेल्या 'माविका'ला पुष्कळदा पहिला डिजिटल कॅमेरा म्हटले जाते. परंतु तो चित्र अंकरूपात नव्हे, तर ॲनालॉग संकेताच्या रूपात साठवीत असे.

लाभांचा क्रमशः विस्तार :
डिजिटल कॅमेऱ्याचे लाभ एकाच वेळी प्राप्त झाले नाहीत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्याला जोडलेला १३ लाख बिंदूंचा 'डीसीएस' बाजारात आणला. त्याची साठवण-पेटी वेगळी वागवावी लागे. तो मुख्यत्वे वृत्त-छायाचित्रकारांसाठी होता, कारण फिल्म धुण्याचा वेळ वाचणे हाच त्या काळी सर्वांत मोठा लाभ होता. १९९२ मध्ये जेपीईजी हे मानक मान्य झाल्याने चित्रे कमी जागेत मावू लागली. १९९५ मधील कॅसिओच्या 'क्यूव्ही-१०' मध्ये पाठीमागे पडदा होता. घेतलेले चित्र तेथेच पाहता येऊ लागले. २००३ मध्ये ६३ लाख बिंदूंचा कॅननचा 'ईओएस ३००डी' एक हजार डॉलरपेक्षा कमी किमतीत आला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा सामान्य हौशी व्यक्तीच्या आवाक्यात आला.

अभ्यासकाच्या दृष्टीने या लाभांपैकी पडद्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. फिल्मच्या काळात छायाचित्र बिघडल्याचे गावाहून परतल्यावरच कळे आणि दफ्तर पुन्हा उघडून मिळेलच याची शाश्वती नसे. आता दफ्तर बांधण्यापूर्वीच प्रत्येक पान तपासता येते.

मेगापिक्सेल या निकषाची मर्यादा :
प्रारंभीच्या कॅमेऱ्यांत बिंदूंची संख्या अपुरी होती. त्यामुळे त्या काळात संख्येला महत्त्व मिळणे स्वाभाविक होते. पुढे ती उणीव दूर झाली, तरी जाहिरातीला सोयीचा आकडा म्हणून तो निकष टिकून राहिला. वास्तविक, ए-४ आकाराचे पान दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात टिपण्यासाठी सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात. सेन्सर लहानच ठेवून त्यावर बिंदू वाढविले, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो आणि अंधूक जागी चित्र दाणेदार होते. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटर असते. खिशात मावणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांतील सेन्सर मात्र जेमतेम ६ गुणिले ४ मिलिमीटरचा असे. वाड्याच्या माजघरात काम करणाऱ्यास हा फरक तत्काळ जाणवतो.

दस्तऐवजांसाठी कॅमेऱ्याची निवड :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात.
१) बिंदूंची संख्या पुरेशी असल्यावर सेन्सरच्या आकाराला प्राधान्य द्यावे.
२) जवळून टिपताना पानाच्या सरळ कडा वक्र न दाखविणारी लेन्स असावी.
३) फ्लॅश बंद ठेवता यावा आणि प्रकाशानुसार रंगाचा समतोल हाताने ठरविता यावा.
४) कॅमेरा तिपाईवर बसविता यावा व स्पर्श न करता चित्र घेता यावे.
५) मूळ, प्रक्रिया न केलेली फाईल जतन करण्याची सोय असावी.

२०१० मध्ये जपानी उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले. त्यानंतर मोबाइलमुळे ही संख्या वेगाने घसरली आणि २०२३ मध्ये ती ८० लाखांच्याही खाली होती. मोबाइलने पाने टिपणे सुलभ आहे. परंतु त्यातील स्वयंचलित प्रक्रिया चित्र 'सुधारते'. पुसट शाई आणि कागदाचा डाग यांतील भेद त्यात हरपण्याची शक्यता असते. म्हणून वरील कसोट्या मोबाइललाही लावणे इष्ट ठरेल.

निष्कर्ष :
निवडीचा निकष त्या-त्या काळातील यंत्राच्या उणिवेतून जन्मतो आणि उणीव संपल्यावरही सवयीने टिकून राहतो, असे या इतिहासावरून दिसते. अभ्यासकाने बाजारातील आकड्यापेक्षा आपल्या कामाची गरज आधी ठरवावी. तथापि उत्तम कॅमेरा घेतल्याने जबाबदारी संपत नाही. फिल्मची निगेटिव्ह कपाटात विसरली गेली, तरी बरीच वर्षे टिके. डिजिटल फाईल मात्र कार्ड पुन्हा वापरताना क्षणात नाहीशी होते. खोडून पुन्हा वापरण्याची जी सोय लाभ म्हणून गणली जाते, तीच दस्तऐवजाच्या बाबतीत धोका ठरते. प्रत्येक चित्राला दफ्तराचा क्रमांक देणे आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे, यांची तजवीज कॅमेऱ्याच्या खरेदीबरोबरच व्हावयास हवी. मूळ कागद वाळवीने खाल्ल्यावर तेवढे छायाचित्रच पुरावा म्हणून उरणार आहे.