चौरस फुटांत न मावलेली सोबत

"आमच्यामागे याचे कसे होणार?" हा प्रश्न अपंग मुलामुलींच्या आईबापांकडून आपण सगळ्यांनी ऐकला आहे. त्याला उत्तर देताना आपण भावंडांचा स्वभाव, संस्थेची फी, बँकेतल्या ठेवी अशा गोष्टी बोलतो. घराचा उल्लेख सहसा होत नाही, कारण घर तर आहेच असे आपण धरून चालतो. पण मुंबईच्या उपनगरांत घर 'असणे' ही कायम घडामोड चालू असलेली गोष्ट आहे. चाळ पडते, झोपडपट्टीचा पुनर्विकास होतो, वसाहतीच्या जागी टॉवर येतो. दर वेळी कोणाला किती जागा द्यायची याचे माप नव्याने घेतले जाते. या मापात पंचविशीतला, उठायला-बसायला दुसऱ्याचा हात लागणारा माणूस आणि तो हात देणारी व्यक्ती कुठे बसते, याचा शोध घ्यावा असे मला वाटले. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. अधिनियम आणि नियमावल्या मुळातून वाचायची सवय तेवढी आहे. त्या वाचनातून जे दिसले ते मांडतो.

'सोबत राहणारा'

आरंभ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून करावा लागतो. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठवणारा कायदा म्हणून तो ओळखला जातो आणि शहराच्या पडझडीचे खापरही त्याच्यावर फोडले जाते. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाली. तिथल्या पागडीच्या खोल्यांतल्या संसारांना या कायद्याचा आधार होता.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येत आहे. भाडेकरू वारल्यावर हक्क कोणाकडे जावा? कायदा म्हणतो, मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवील. म्हणजे कमावता कोण, थोरला कोण, हे प्रश्न आधी येत नाहीत. त्या खोलीत राहत कोण होते, हे आधी येते. लग्न करून वेगळ्या झालेल्या भावापेक्षा आईवडिलांजवळ राहिलेला अपंग मुलगा इथे पुढे उभा राहू शकतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही हे तत्त्व राखले. सोबत राहणारा कुटुंबीय नसेल तरच इतर वारसाचा विचार होतो.

दुसरी तरतूद तुलनात्मक अडचणीची. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असली तरी ताबा देण्याआधी न्यायालयाने पाहायचे, की जास्त अडचण कोणाची होईल, मालकाची की भाडेकरूची. इथे कुटुंबाचा आजार, अपंगत्व, पर्यायी जागा मिळण्याची शक्यता, सगळे मांडता येते. हा कायदा अपंगांसाठी केलेला नव्हता. तरीही गरज बोलून दाखवायला त्यात एक दार होते.

'प्रत्येकी एक'

१९९५ मध्ये अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर मोफत घरांची झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. १ जानेवारी १९९५ रोजी मतदार यादीत नाव आणि झोपडीत प्रत्यक्ष वास्तव्य असेल तर २२५ चौरस फूट चटई क्षेत्राचे घर. पुढे पात्रतेची तारीख सरकली, क्षेत्रही २००८ मध्ये २६९ आणि २०१८ च्या विकास नियमावलीत ३०० चौरस फूट झाले. लाखो कुटुंबांना या योजनेने पक्के छप्पर आणि घरात संडास दिला. त्याचे मोल कमी लेखू नये.

पण माप पाहा. झोपडी एक, घर एक. आत माणसे तीन की नऊ, याने फरक पडत नाही. मूळ झोपडी मोठी असली तरी मिळणार तेवढेच. अपंगांची आठवण नियमावलीत आहे: घरांच्या वाटपात अपंग व्यक्ती आणि स्त्री कुटुंबप्रमुख यांना पहिला प्राधान्यक्रम, बाकीच्यांसाठी चिठ्ठ्या. म्हणजे अपंग माणसाला रांगेत पुढची जागा मिळते, घर मात्र सगळ्यांएवढेच.

२२५ चौरस फूट म्हणजे पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. मोरी, संडास आणि ओटा धरून. रुग्णाचा पलंग साधारण साडेसहा फूट बाय तीन फूट, म्हणजे सुमारे वीस चौरस फूट. चाकाची खुर्ची वळवायला पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस. एक पंचमांश घर इथेच संपले. आता रात्री दोन-तीनदा कूस बदलून देणारे माणूस कुठे झोपणार? आई असेल तर पलंगाखाली सतरंजी टाकून. म्हणूनच आजवर हा प्रश्न कागदावर आला नाही. सोबत करणारी आई 'कुटुंबा'तच मोजली गेली. ती थकली आणि ब्युरोतून चोवीस तासांच्या मावशी आणायची वेळ आली, की कळते की त्यांच्या सतरंजीलाही जागा लागते.

पुनर्विकासाच्या काळात मिळणारे भाडे ही आपल्याकडे घरभाडे साहाय्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट. विलंबाने गांजलेल्या रहिवाशांसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करून घ्यायला सुरुवात केली, हे चांगलेच झाले. परंतु तेही घरटी एकाच दराने. चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट असलेल्या इमारतीतच भाड्याने राहावे लागणाऱ्या घराला वेगळा दर नाही.

कमावता असेल तर कुटुंब

२०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब. पुढे सुधारणा झाली आणि कमावत्या प्रौढ व्यक्तीला, लग्न झालेले नसले तरी, स्वतंत्र कुटुंब मानता येऊ लागले. 'कमावत्या' या एका शब्दाने तीस वर्षांचा, पूर्णपणे इतरांवर अवलंबून असलेला माणूस आईवडिलांच्या घरातले 'मूल'च राहतो. याच योजनेत अपंग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत असे म्हटले आहे. मजल्याचा विचार झाला, खोलीचा नाही.

पैशांचेही तसेच. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत उत्पन्न मोजायचे ते कुटुंबाचे. अपंगांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला. चोवीस तासांच्या मावशींचे उपनगरातले काही दिवसांचे पैसेदेखील त्यात भागत नाहीत.

कायद्यात आलेला शब्द

केंद्राचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा या सगळ्याच्या पुढे आहे. त्याने 'काळजीवाहक' या व्यक्तीची व्याख्या केली आणि त्यात आईवडिलांसह, मोबदला घेणारे व न घेणारे दोघेही धरले. कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देते. विशिष्ट प्रकारच्या निवासातच राहा, अशी सक्ती करता येत नाही. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. कलम ३७ घरांच्या योजनांत पाच टक्के आरक्षण देते. पण २४ आणि ३७ ही कलमे एकमेकांशी बोलत नाहीत. भत्ता मिळालेला काळजीवाहक ज्या घरात येणार, ते घर त्याला धरून मोजलेले नाही. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्या व्यक्तीचे अस्तित्व सरकारी वहीत नोंदले गेले.

घर आणि काळजीवाहक यांची गाठ इंग्लंडमध्ये न्यायालयात बांधली गेली. तिथे भाड्यासाठी सरकारी साहाय्य मिळते आणि ते घरातल्या माणसांना किती शयनखोल्या लागतात यावर ठरते. एकटा माणूस म्हणजे एक खोली. बर्मिंगहॅममधल्या बर्निप या तरुणाला तीव्र अपंगत्वामुळे रात्रीही काळजीवाहक लागत. खोल्या दोन हव्या होत्या, साहाय्य एका खोलीचे होते. २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. निकालापूर्वीच, एप्रिल २०११ पासून, रात्रीच्या काळजीवाहकासाठी जादा खोली धरण्याची दुरुस्ती नियमांत झाली होती. युक्तिवाद साधा होता: सगळ्यांना सारखे माप लावले, म्हणून न्याय झाला असे नाही, ज्यांची गरज वेगळी आहे त्यांना तेच माप लावणे हाही भेदभाव असतो.

तिथले जसेच्या तसे इथे आणा, असे मी म्हणत नाही. जिथे चौघे एका खोलीत राहतात तिथे 'जादा शयनखोली' हे शब्द चेष्टेचे वाटतील. पण मापामागचे तत्त्व आपल्याला परके नाही. अडचण कोणाची जास्त, हे विचारणारा कायदा आपल्याकडे १९४७ मध्येच होता. पुढच्या कायद्यांनी मालकी दिली, क्षेत्र वाढवले, पण हा प्रश्न विचारणे सोडून दिले. गरजेच्या जागी चौरस फूट आले.

दुरुस्ती अवघड नाही. झोपडीधारकांची पात्रता ठरवणाऱ्या परिशिष्ट दोनमध्ये एक रकाना वाढवता येईल: घरात जास्त आधार लागणारी व्यक्ती आहे का, रात्री सोबत लागते का. तसे असल्यास ठरावीक जादा क्षेत्र आणि पुनर्विकासाच्या काळात वाढीव भाडे. स्वतंत्र कुटुंबाच्या व्याख्येत 'कमावत्या'च्या जोडीला 'अवलंबून असलेला प्रौढ' हे शब्द घालता येतील.

आज मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सोसायट्यांच्या सभांत पुनर्विकासाचे आराखडे मांडले जात आहेत. वाढीव क्षेत्र, कॉर्पस, पार्किंग यांवर मध्यरात्रीपर्यंत वाद होतात. नियम बदलेपर्यंत, करारनाम्यावर सह्या होण्यापूर्वी, याच सभांत कोणीतरी विचारायला हवे: दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाचे काय? त्याच्या मोरीचे दार किती रुंद ठेवणार, आणि रात्री त्याच्याजवळ जे कोणी राहील त्याला पाठ टेकायला जागा कुठे धरली आहे? नकाशा मंजूर झाल्यावर भिंत हलत नाही.