अर्जामागची पुरवणी

खारघरच्या डोंगराखाली, सिडकोच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या, पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात लावणी आटोपल्यानंतरचे जे दिवस पूर्वी खाचरातले पाणी राखण्यात जात, ते आता ज्या घरात डॉक्टर होऊ पाहणारे मूल आहे त्या घरी प्रवेशफेऱ्यांच्या याद्यांकडे डोळे लावून बसण्यात जातात. ‘नीट’चे गुण हाती आलेले असतात, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरून दिलेला असतो, आणि त्यानंतर अर्जदाराने महाविद्यालयास कळवावे असे काही उरतच नाही. मिळालेली जागा धरून ठेवावयाची असल्यास ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा एक अर्ज भरून द्यावा लागतो. अर्जदाराच्या मुखी व्यवस्थेने ठेवलेले ते एकच वाक्य म्हणावयाचे.

आपल्या जुन्या दफ्तरांची रीत अशी नव्हती. ‘अर्ज’ हा शब्दच मुळी विनंतीचा, आणि ‘अर्जदास्त’ म्हणजे लहानाने थोराच्या पायाशी ठेवलेले निवेदन. पेशवेकालीन पत्रव्यवहारात मूळ पत्राला पुरवणी जोडण्याची चाल होती. मागाहून कळलेले वर्तमान आणि राहून गेलेला मजकूर त्या पुरवणीत येई, आणि पुष्कळदा खरे राजकारण पत्रात नसून पुरवणीतच असे, हे ज्याने ती कागदपत्रे चाळली आहेत त्याला सांगावयास नको. एकदा अर्ज दिला म्हणजे अर्जदाराची वाचा बसली, असे त्या काळी कोणी मानीत नव्हते.

हीच रीत सातासमुद्रांपलीकडे नेऊन एका वैद्यकीय महाविद्यालयाचे दार जिने उघडले, ती अठरा वर्षांची मुलगी आमच्याच मुलखातली. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणास जन्मल्या, तेव्हा कल्याण आणि पनवेल हे दोन्ही तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पनवेल कुलाबा जिल्ह्याकडे गेला तो १८८३ साली, आणि योगायोग असा की आनंदीबाईंचा अर्जही त्याच सालचा. नवव्या वर्षी विवाह झाल्यावर टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांबरोबर त्या आधी अलिबागेस व पुढे कोल्हापूर, भूज, बंगालमधील श्रीरामपूर असा प्रवास करीत गेल्या. पतीची नोकरी टपालाची असावी आणि पत्नीचे सारे भवितव्यही टपालानेच घडावे, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

कारण प्रवेशाचा अर्ज हा त्या पत्रमालिकेचा आरंभ नव्हे, तिचा मध्य होता. गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेत छापले गेले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी ते १८८०च्या सुमारास दंतवैद्याच्या खोलीत वाट पाहताना वाचले. पुढची काही वर्षे या बाई व आनंदीबाई एकमेकींस लिहीत राहिल्या, आणि प्रकृती कशी आहे, समाज काय म्हणतो, बेत कोठवर आला, हे सारे वर्तमान पत्रापत्राने पलीकडे पोहोचत गेले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. माणसाला जेथे अठ्ठावन्न दिवस लागत तेथे कागदाची ये-जाही फार सत्वर असणार नाही, आणि तरीही या दोघी एकमेकींना नव्याने काही कळवावयास कधी कंटाळल्या नाहीत.

२८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आल्फ्रेड जोन्स यांना आनंदीबाईंनी जे पत्र लिहिले, त्यात पात्रतेच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकू की नाही याची शंका त्यांनी स्वतःच मांडली आहे. आजच्या अर्जात उणेपणा सांगण्यास रकानाच नसतो. आप्तांचा व जातीचा एकवटलेला विरोध पत्करून आपण येथवर आलो, आणि पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी ही विद्या हवी, असा त्या पत्राचा आशय. म्हणजे गुणांच्या जागी वृत्तान्त ठेवलेला. प्राचार्या रेचेल बॉडले यांनी तो वृत्तान्त प्रमाण मानला, आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभास मुद्दाम उपस्थित होत्या.

कार्पेंटरबाईंच्या त्याच न्यू जर्सीत आज मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि तेथल्या मुलांना हा व्यवहार अपरिचित नाही. अमेरिकेतील वैद्यकीय अर्ज बहुतेक महाविद्यालयांकडे एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो. तो दाखल झाल्यावर पत्ता बदलता येतो, शिफारसपत्रे वा नवी महाविद्यालये वाढविता येतात, परंतु नवे संशोधन, नवी सेवा किंवा नव्या सत्राचे गुण यांचे वर्तमान प्रत्येक महाविद्यालयास स्वतंत्रपणे धाडावे लागते. काही महाविद्यालये ते आदराने घेतात, काही कृपया धाडू नये म्हणून आधीच बजावतात. ‘प्रवेश दिलात तर मी येथेच येईन’ असे वचन मात्र सभ्य माणसाने एकाच ठिकाणी द्यावे, असा संकेत आहे.

आपल्याकडे हा मार्ग बंद झाला याचा विषाद मला पूर्णपणे वाटत नाही, हे कबूल केले पाहिजे. ‘मागाहून कळविणे’ या शब्दांचा अर्थ या भूमीत फार लवकर ‘वशिला लावणे’ असा होतो, आणि विनाअनुदानित महाविद्यालयांच्या देणग्यांचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना मुक्या गुणवत्ता यादीचे मोल पटते. ओव्यातील ज्याच्यामागे कोणी आमदार उभा नाही त्या मुलाचे रक्षण ती मुकी यादीच करते. परंतु आनंदीबाई आज असत्या तर त्या यादीत त्यांचा क्रमांक कितवा लागला असता, हा प्रश्न मनातून जात नाही.

पदवीनंतर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तो कार्यभार सांभाळण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले, आणि गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या अजून आहेत.