खोट्या डोक्यांची गोष्ट

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला १४ जुलै १७८९ आणि बॅस्टिल आठवतं. पण त्याच्या दोन दिवस आधी, १२ जुलैला, पॅरिसच्या रस्त्यांवरून दोन डोकी मिरवली गेली होती. ती मेणाची होती. लोकांचा लाडका अर्थमंत्री नेकर याला राजाने काढून टाकल्याची बातमी फुटली, आणि चिडलेला जमाव कुर्टियुस नावाच्या माणसाच्या मेणाच्या प्रदर्शनाच्या दारात येऊन उभा राहिला. तिथून नेकर आणि ओर्लेआंचा ड्यूक यांचे अर्धपुतळे उचलले, त्यांवर सुतकाचं काळं कापड घातलं आणि मिरवणूक निघाली. वाटेत सैनिकांशी चकमक झाली. दोन दिवसांनी भाल्याच्या टोकावर आलं ते बॅस्टिलचा अधिकारी द लोने याचं खरं डोकं.

कुर्टियुसच्या घरात वाढलेली आणि त्याच्याच हाताखाली शिकलेली मारी ग्रोशोल्त्झ तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. हीच पुढची मादाम तुसाद. गिलोटिनखाली गेलेल्यांची डोकी आपल्याकडे आणली जात आणि आपल्याला त्यांचे साचे घ्यावे लागत, असं तिने आठवणींमध्ये सांगितलं आहे. त्या आठवणी प्रसिद्ध झाल्या १८३८ साली, लंडनमध्ये, म्हणजे ती बेकर स्ट्रीटवर दुकान थाटून बसल्यावर. क्रांतीच्या हातून छळली गेलेली बाई म्हणवून घेणं तिथे धंद्याला सोयीचं होतं, त्यामुळे इतिहासकार तिचं सगळंच खरं मानत नाहीत. मीही मानत नाही. पण साचा घेण्याचं तिचं तंत्र मात्र खरं होतं: चेहऱ्याला तेल लावायचं, वर प्लास्टर ओतायचं, माणूस जिवंत असेल तर श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घालायच्या. मेलेल्यांसाठी तेवढं काम कमी.

आता प्रश्न असा, की मेणच का? लाकूड, माती, दगड, सगळं होतं की. याचं उत्तर रात्री दिवे गेल्यावर मिळतं. बॅटरीच्या तोंडावर बोट ठेवा. बोट लाल दिसतं, कारण प्रकाश कातडीवरून नुसता परतत नाही, आत शिरतो, तिथे इकडेतिकडे धडपडतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो. आपल्याला समोरचा चेहरा जिवंत वाटतो त्यात या आत जाऊन आलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा आहे. मेण हे करतं. प्लास्टर जवळजवळ नाहीच करत, म्हणून त्यावर कितीही रंग चढवला तरी ते रंगवलेलं प्लास्टरच राहतं.

सिनेमाला सुरुवातीला या भानगडीत पडायची गरजच नव्हती. १८९५ साली एडिसनच्या कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्कने स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद चित्रित केला. चित्रपट वीस सेकंदांचासुद्धा नाही. राणी (खरं तर राणीच्या वेषातला पुरुष) ओंडक्यावर मान ठेवते, कॅमेरा थांबतो, माणूस उठून जातो, त्या जागी बाहुलं येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि कुऱ्हाड पडते. सिनेमातली ही पहिली हातचलाखी मानली जाते, आणि ती एका खोट्या डोक्यासाठी केलेली होती! गंमत अशी की १५८७ साली खऱ्या मेरीचं डोकं जल्लादाने केसांना धरून उचललं, तेव्हा हातात नुसता टोप राहिला आणि डोकं खाली पडलं. एडिसनच्या बाहुल्याने तेवढीही फजिती होऊ दिली नाही.

कॅमेरा जसा जवळ येत गेला तशी पंचाईत वाढली. १९३०च्या दशकाअखेर फेसाळ रबर, म्हणजे फोम लेटेक्स, मेकअपवाल्यांच्या हाती आलं. हलकं, मऊ, चेहऱ्याबरोबर हलणारं. डिक स्मिथने १९७०च्या 'लिटल बिग मॅन'मध्ये डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा म्हातारा केला तो त्याच रबराने. (हा स्मिथ मोठा माणूस. ज्या धंद्यात लोक आपली कृती दुसऱ्याला सांगत नसत, तिथे तो अनोळखी पोरांच्या पत्रांना सविस्तर उत्तरं द्यायचा. त्यातलाच एक पोरगा रिक बेकर, ज्याने पुढे मेकअपचं पहिलं नियमित ऑस्कर मिळवलं.) पण रबर अपारदर्शक. प्रकाश वरच अडतो. ती कसर स्मिथसारखे लोक रंगांच्या थरांवर थर देऊन भरून काढत. जिलेटिन पारदर्शक होतं, पण दिव्यांच्या उष्णतेने वितळायचं. १९८१च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये क्रिस वॉलसने हा दोषच कामाला लावला. कवटीवर जिलेटिनचे रंगीत थर दिले, शेजारी गॅसचे हीटर लावले, आणि नाझी हस्तकाचा चेहरा गळताना सावकाश चित्रित करून पडद्यावर वेगाने दाखवला.

सिलिकोन आलं ते वेगळ्याच वाटेने. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंगने सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर सगळं आयुष्य घालवलं, आणि यातून लवकर काही महत्त्वाचं हाती लागेल असं वाटत नाही, असं १९३०च्या दशकात स्वतःच सांगून टाकलं. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली, १९६२ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी सिलिकोनचं पहिलं स्तनरोपण केलं, आणि नकली कान-नाकं घडवणाऱ्यांपासून ते सिनेमावाल्यांपर्यंत पोचलं. अडीचशे वर्षांपूर्वी मेणाला जे येत होतं ते पुन्हा हाती आलं, शिवाय आता ते वितळतही नव्हतं.

असं डोकं बनवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटने, जे दातांचे डॉक्टरही वापरतात. त्या ओल्या वजनाने गाल किंचित खाली ओढले जातात, त्यामुळे साच्यातला माणूस नेहमी थोडा थकलेला निघतो. डोळे तर मिटलेलेच. ते मातीत उघडावे लागतात, गाल वर न्यावे लागतात. ही माती गंधकाची असेल तर घात! प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकोन गंधकाला लागलं की आळतच नाही, चिकट राहतं. रबरी हातमोज्यांनीसुद्धा हेच होतं. मग रंग. ते वरून फासायचे नाहीत, सिलिकोनमध्येच मिसळायचे, वेगवेगळ्या थरांत, आणि शिरांच्या भासासाठी लाल-निळे बारीक तंतू टाकायचे. पाश्चात्त्य बाजारात 'कातडीचा रंग' म्हणून मिळणारी तयार डबी बहुधा गुलाबी असते, म्हणजे कुणाच्या कातडीचा ते कळलंच. आपल्या सावळ्या चेहऱ्याचा तपकिरी रंग वरच्या पातळ थरात असतो आणि लाली त्याच्या खाली. सगळं एकत्र कालवलं की चॉकलेटी रबर तयार होतं. शेवटी भुवया आणि केस, सुईने एकेक करून. आणि डोकं कापलेलं दाखवायचं असेल तर एवढ्या कष्टाने आणलेली लाली परत कमी करायची, कारण त्यात रक्त उरलेलं नसतं. वजनही हवं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं; आत पोकळ ठेवलं तर उचलणाऱ्या नटाचा हात ते लगेच सांगून टाकतो.

संगणकवालेही त्याच काळात याच कोड्याशी झुंजत होते. आत शिरून बाहेर येणाऱ्या प्रकाशाचं गणित २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि त्याबद्दल येन्सन, मार्शनर आणि हॅनरहान यांना २००४ मध्ये अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. मेण ओतणाऱ्या मारीला हे गणित ठाऊक असायची गरज नव्हती.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या हंगामात (२०११) किल्ल्याच्या भिंतीवर भाल्यांना खोचलेल्या डोक्यांची रांग दिसते. वर्षभराने डीव्हीडी आली, आणि त्यातल्या निवेदनात निर्मात्यांनीच सांगितलं की त्यातलं एक जॉर्ज बुश यांचं आहे. राजकीय हेतू काही नव्हता, जी डोकी हाताशी होती ती वापरली, वर लांब केसांचा टोप चढवला, एवढंच. बोभाटा झाला. एचबीओने माफी मागितली आणि ते दृश्य बदलण्याचं जाहीर केलं. मला त्यांचं स्पष्टीकरण खरं वाटतं, आणि तरीही ते अपुरं वाटतं. त्यांना नुसतं 'कुणाचं तरी' डोकं हवं होतं. पण डोकं ज्या साच्यातून निघतं, तो आधी कुणाच्या तरी ओळखीच्या चेहऱ्यावरून घडलेला असतो. १७८९च्या जमावाला नेमकं तेच हवं होतं.

मारीने सगळ्यांची डोकी केली, राजांची आणि खुन्यांची. १८४२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, तिने स्वतःचाही पुतळा केला. छोटीशी म्हातारी, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गोल चष्मा. त्यानंतर आठ वर्षांनी ती गेली.