षोडशमान अंकांचे वाचन : एका संकेताचा इतिहास

सोळा हा आधार मानून संख्या लिहावयाची तर नवानंतर आणखी सहा अंकचिन्हे लागतात. ती कोणती असावीत याविषयी संगणकयुगाच्या आरंभी मतैक्य नव्हते. इलिनॉय विद्यापीठात १९५२ मध्ये सुरू झालेल्या इलियाक यंत्रात दहा ते पंधरा या मूल्यांसाठी के, एस, एन, जे, एफ, एल ही अक्षरे योजिली होती. १९५६ च्या एलजीपी-३० यंत्रात एफ, जी, जे, के, क्यू, डब्ल्यू. म्हणजे एफ हे अक्षर एका यंत्रावर चौदा, तर दुसऱ्यावर दहा! ए ते एफ हा आजचा क्रम रूढ झाला तो मुख्यतः आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेमुळे.

दरम्यान १९६३ मध्ये आस्की हा अक्षरसंकेत सिद्ध झाला होता. त्यात अंकांची स्थाने ४८ ते ५७ आणि मोठ्या ए चे ६५. मध्ये अपूर्णविरामादी सात चिन्हे येऊन बसली. लहान ए पुढे ९७ व्या स्थानी आला. या सात चिन्हांनीच पुढे घोटाळा केला. ‘स्थानांकातून ४८ वजा करावे, बाकी नवाहून अधिक उरल्यास आणखी ७ वजा करावे’ हे सुटसुटीत सूत्र ० ते ९ हे अंक व मोठी ए ते एफ ही अक्षरे यांपुरते बिनचूक आहे. परंतु अपूर्णविरामाचा स्थानांक ५८ असल्याने त्याचे मूल्य ३ निघते, आणि सूत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

१९९२ मध्ये एमडी५ व १९९५ मध्ये शा-१ या हॅशपद्धती प्रसिद्ध झाल्या. त्यांची मूल्ये अनुक्रमे ३२ व ४० षोडशमान अंकांत लिहितात. असे मूल्य म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच होय. तो शिथिलपणे वाचला तर पडताळणीला अर्थ उरत नाही. सी भाषेतील स्ट्रटोल हे फलन आरंभीची मोकळी जागा, अधिक-उणे चिन्ह हे सारे स्वीकारते आणि परके अक्षर भेटताच निमूटपणे थांबते. संख्येच्या बाबतीत हे औदार्य चालेल. ठशाच्या बाबतीत लांबी व प्रत्येक अक्षर दोन्ही तपासलीच पाहिजेत.

२००५ मध्ये सुरू झालेल्या गिटमधील उपाय या दृष्टीने अभ्यसनीय वाटतो. त्यात २५६ घरांचे एक कोष्टक असून परक्या अक्षराच्या घरी उणे एक लिहिलेला असतो. तुलनांची साखळी टळते. शिवाय उणे एकाच्या द्विमान रूपात सर्व स्थानी १ असल्यामुळे, दोन अंक जोडून झाल्यावर केलेल्या एकाच चाचणीत दोहोंपैकी कोणताही दोष उघड होतो. तरीही एक फट राहतेच : जोडीतील पहिल्या जागीच मजकूर संपला असेल, तर दुसरे अक्षर वाचणे म्हणजे सीमेबाहेरची स्मृती वाचणे. म्हणून पहिला अंक ग्राह्य ठरल्यावाचून दुसऱ्याकडे वळावयाचे नाही, अशी अट तेथे घालावी लागली.