छद्मावरण, रणगाड्यांचे
शत्रूच्या नजरेस वाहनाची आकृती सहज उमगू नये, यासाठी केलेली रंगयोजना. जुन्नर-आंबेगावच्या प्रतिकृतिकारांना खरे रणगाडे पाहण्यास सोयीचे ठिकाण म्हणजे अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय (स्थापना १९९४). आळेफाट्यावरून कल्याण-नगर मार्ग तिकडे जातो. तेथील माटिल्डा, सेंच्युरियन, विजयंता यांचे आकार व बारकावे निःशंक टिपावेत, रंग मात्र नव्हे. उघड्यावरची वाहने पुन्हा रंगवावी लागतात. रंगाचा खरा आधार काळ आणि रणभूमी. १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश माटिल्डांवर फिकट वाळूरंग व करड्या छटांचे सरळ कडांचे तिरपे पट्टे असत. जर्मन वाहनांच्या गडद करड्याची जागा फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळ्याने घेतली. त्यावर हिरवा व तांबूस तपकिरी फवारला जाई. लहान प्रतिकृतीवर मूळ रंग अधिक गडद भासतो, म्हणून तो किंचित फिकट करून लावावा.