उमेदवारीची विद्या

१८९९ साली कलकत्त्यास वीजपुरवठा सुरू झाला, १९०५ साली बंगलोरला विजेचे दिवे लागले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या तारा जोडणारे हात कसे तयार झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मुलाने धन्याजवळ राहून कसब शिकावे, ही रीत जुनीच. अनाथ व गरीब मुलांसाठी अशा कराराची तरतूद १८५० च्या कायद्याने केली होती. स्वतंत्र भारतात तिची जागा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने घेतली. करार नोंदवावा, विद्यावेतन द्यावे, काम रीतसर शिकवावे आणि दुखापत झाल्यास भरपाई द्यावी, ही जबाबदारी मालकावर आली. ज्याचा या धंद्यात कोणी नातलग नाही, अशा मुलालाही वीजतंत्री होण्याचे दार त्यामुळे उघडले.

मात्र उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, विद्यार्थीच. आणि शिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन अधिनियमाने मालकावर घातले नाही. म्हणून त्याची खरी कमाई म्हणजे हाताला लागलेली शिस्त. वीज बंद केली एवढ्यावर न विसंबता, ती खरोखर बंद आहे हे तपासूनच तारेला हात लावावा, हा धडा पुस्तकातही सापडतो. पण अंगवळणी पडतो तो जाणत्या कारागिराशेजारी उभे राहूनच. त्यावर जीव अवलंबून असतो.

पदवीचे कौतुक करणाऱ्या आम्ही मंडळींनी या विद्येलाही विद्येचाच मान द्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते.